हिरवी पाटी

नाना, तुझ्या दहाव्याला जो तो तुझी एकेक आठवण सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी लिंबूमिरचीची गोष्ट सांगितली. लोक हसले. दहाव्याला हसू नये हे मलाही कळतं, पण माझं तोंडच असं आहे की मी नुसतं पाणी मागितलं तरी समोरचा दात काढतो. वहिनीसुद्धा पदराआड हसली. चला, निभावलं, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात मानेवर कुणीतरी ओला हात ठेवावा तसं झालं. कारण सांगितली ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी मी कुणालाच सांगितलेली नाही. तुलाही नाही. म्हणजे तुलाच नाही.

आता तू ऐकणार कसा, हा प्रश्न बाजूला ठेवतो. जिवंतपणी तरी माझं कुठे ऐकायचास?

शेठने ती पांढरी इलेक्ट्रिक गाडी आणली तो दिवस आठव. पांडेसऱ्यात आपल्या डाइंग मिलच्या फाटकातून ती आत आली आणि कुणाला पत्ताच नाही. फाटकाजवळ झोपलेली कुत्रीसुद्धा उठली नाहीत. मी पुढे चालवायला बसलेला, शेठ मागे. शेठ म्हणाला, "आ तो पोते चाले छे. तारे खाली बेसवानुं." म्हणजे गाडी आपली आपण चालते, मी नुसतं बसायचं. एकोणीस वर्षं त्याची गाडी चालवल्यावर माझी नेमणूक महादेवासमोरच्या नंदीच्या जागी झाली होती.

खरं तर ती काही पूर्ण आपली आपण चालत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे धरून जाते, पुढे माणूस किंवा गाडी आली की स्वतः ब्रेक मारते, आणि आपण हात सोडला की शाळेतल्या बाईंसारखी टुणटुण करते. आजूबाजूला काय आहे ते समोरच्या पडद्यावर चित्रात दाखवते. ट्रकचं चित्र, मोटारसायकलचं चित्र, माणसाचं चित्र. माणूस मात्र सगळ्यांसाठी एकच. राखाडी, बिनचेहऱ्याचा, हात अंगाला चिकटलेले.

पहिल्याच आठवड्यात मी तिचा चार्जर कँटीनच्या प्लगला लावला. कँटीनचे पंखे गेले, चहाचा बॉयलर गेला आणि पलीकडच्या प्रिंटिंगच्या टेबलांवरचे दिवेसुद्धा गेले. तू मिलचा वायरमन. खिशात टेस्टर, कानाला पेन्सिल, असा तरातरा आलास. "भो, ही गाडी शे का म्हैस शे? जठे खुंटा दिसना तठे बांधी दिन्ही?" तुझी अहिराणी मला विदर्भवाल्याला पहिली दोन वर्षं कळलीच नव्हती. नंतर कळली, पण शिव्या आधी कळल्या.

मग तू तिच्यासाठी वेगळी लाइन ओढलीस, वेगळं अर्थिंग केलंस. आणि चार्जिंगची जागा नेऊन ठेवलीस थेट मागच्या भिंतीपाशी, उघड्यावर. मी कुरकुरलो, की शेठला सोडून इतक्या लांब उन्हात जायचं. तू कापडाच्या गठड्यांकडे बोट केलंस. ही बॅटरी एकदा पेटली तर पाणी मारूनही लवकर ऐकत नाही, म्हणालास, आणि इथे तर मिलभर कापड आणि केमिकल. शेठ गाडीची तारीफ करायला लागला की तू चिमणीकडे बघून पुटपुटायचास, "वीज कथाईन येस? कोयसामाईनच ना? धूर तेवढा दुसराना गावले दिन्हा." त्यावर मी म्हणायचो, कोळशाचा धूर दुसऱ्या गावाला गेला तर गेला, आपल्या डोक्यावरचा तरी कमी झाला. तू म्हणायचास, दुसऱ्याचं डोकं काय भोपळा आहे का? हा वाद आपण कितीदा घातला. तो मिटला नाही तो नाहीच. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि खरं सांगायचं तर तुझी बाजू जास्त चांगली मांडतो.

दहाव्याला सांगितली ती गोष्ट अशी. नव्या गाडीची पूजा मी केली. चाकाखाली लिंबं चिरडली, काचेवर वरच्या बाजूला कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि पुढे खाली एक गुळगुळीत काळा चौकोन होता त्याच्यासमोर काळ्या दोऱ्याने लिंबूमिरची टांगली. जागा जणू त्यासाठीच ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून गाडी भर रस्त्यात उगाच थांबायला लागली. समोर कोणी नाही, आणि कचकन ब्रेक. शेठचं डोकं सीटवर आपटलं, चष्मा पडला. मी मिलभर सांगत सुटलो की गाडीला काहीतरी दिसतं. तू येऊन वाकून बघितलंस आणि पोट धरून हसलास. तो काळा चौकोन म्हणजे तिचा पुढचं बघण्याचा रडार, आणि स्वस्तिकाखाली तिचा कॅमेरा. "तूच तिना डोयावर पट्टी बांधी, भो. आन तूच म्हनस, हिले भूत दिसस!"

इथपर्यंत सगळे हसले. इथून पुढे कोणी हसलं नसतं.

लिंबूमिरची काढल्यावर आणि स्वस्तिक पुसल्यावर गाडी शहाणी झाली, फक्त एक जागा सोडून. फाटकातून आत येऊन शेठच्या ऑफिसकडे आणि पुढे चार्जिंगकडे वळताना जो कोपरा आहे, जिथून बॉयलरचा वाफेचा पाइप भिंतीकडेने जातो, तिथे ती रोज थांबायची. आणि पडद्यावर पाइपाजवळ तो राखाडी माणूस दिसायचा. दोन सेकंद. मग नाहीसा. मी काचेतून बघायचो तर नुसती भिंत, पाइप आणि वाफेचा एखादा पुंजका.

मी म्हणालो, नाना, इथे कोणीतरी आहे. जुन्या कामगारांना विचारायला हवं. तू चिडलास. "तुले भूत दिसस, माले लाइन दिसस. बिनकारनी काहीच ट्रिप व्हत नही." तू तीन दुपारी तिथे उकिडवा बसलास, जेवण सोडून. शेवटी शोधून काढलंस, की पाइपाच्या जोडातून थांबून थांबून वाफ सुटते आणि कॅमेऱ्याला तो पांढरा लोट माणसासारखा दिसत असणार. फिटरला बोलावून तू तो जोड बदलून घेतलास. वाफ बंद झाली. दुसऱ्या दिवशी गाडी त्या कोपऱ्यावरून सुळकन गेली. तू फाटकाजवळ उभा राहून बघत होतास. तुझा चेहरा, नाना! पोराचा निकाल लागल्यासारखा.

आता ऐक. त्याच सकाळी मी ते आपोआप ब्रेक मारायचं सेटिंग बंद केलं होतं.

आदल्या दिवशी त्या कोपऱ्यावर शेठचा फोन हातातून उडाला आणि तो म्हणाला, आता परत थांबली तर गाडीच्या आधी तुला बदलतो. तू जोड बदलून घेतलास हे मला माहीतच नव्हतं. म्हणून मी पडद्यावर बोटं फिरवून ते बंद केलं. वाफ गेली म्हणून गाडी थांबली नाही, की मी बंद केलं म्हणून, ते आपल्याला कधी कळलंच नाही. मला कळून घ्यायचंही नव्हतं. आणि ही गाडी फार चिवट. रात्रीतून सगळं विसरते आणि रोज सकाळी ते पुन्हा चालू असतं. रोज बंद करावं लागतं, आणि रोज ती इंग्रजीत विचारते, नक्की बंद करायचं का? मी रोज 'हो' दाबायचो. एक दिवस चुकून दाबलं असं नाही, नाना. रोज.

पुढे आठवडाभराने तू त्या पाइपामागून अचानक बाहेर आलास, हात वर करून. मला नवा जोड दाखवायचा होता तुला. मी आरशात माझीच मिशी बघत होतो. पाय ब्रेकवर कसा पडला ते मला आजही ठाऊक नाही. गाडी तुझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तू पांढराफटक. मी तर घामाने सीटला चिकटलेलो. आणि मग हळूहळू तुझ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तू बॉनेटवर थोपटलंस, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं.

"थांबनी, भो! तिन्ही माले पाह्यं!"

तेव्हा बोलायला हवं होतं. नाना, अरे मी थांबवली, ती नाही, आणि तीही जेमतेम. तीन शब्दांचं काम होतं. मी काय म्हणालो आठवतं का? मी म्हणालो, "मग! हिची नजर तुझ्यापेक्षा तेज आहे." मिलमधला एकुलता एक माणूस, जो यंत्राच्या बापावर विश्वास ठेवायचा नाही, जो प्रत्येक तार स्वतः तपासायचा, तो माझ्या एका वाक्यावर भक्त झाला.

मग सुरू झाला तुझा रोजचा खेळ. सकाळी आठला पाळी बदलते, आत जाणारे आणि बाहेर येणारे सगळे फाटकात असतात, त्याच वेळी मी शेठला घेऊन येतो. तू रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात वर करायचास. गाडी थांबायची. लोक टाळ्या वाजवायचे. तू पुढच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवून सांगायचास, "हिरवी पाटी दिसनी का हात करा. थांबसच ती. हिले डोया शेत." आणि आत माझा उजवा पाय ब्रेकवर दाबून धरलेला असायचा. शेठ मागे खूश, की त्याची गाडी प्रसिद्ध होते आहे. घरी मी बायकोकडून पिंडरीला तेल चोळून घ्यायचो आणि सांगायचो, म्हातारपण.

हिरवी पाटी म्हणजे फक्त विजेची गाडी. पोटात बॅटरी आहे, एवढंच त्याचं सांगणं. तिला डोळे आहेत की नाहीत याचा पाटीशी काही संबंध नाही. हे मला माहीत होतं, कारण शोरूममधल्या पोराने मला दोनदा समजावलं होतं. मिलमध्ये ते माहीत असणारा मी एकटा. आणि मी गप्प. ते सेटिंग पुन्हा चालू ठेवता आलं असतं, पण मग गाडी कोपऱ्यावर थांबली असती तर शेठने मला हाकललं असतं आणि तुझं वाफेचं संशोधन खोटं ठरलं असतं. अशी दोन कारणं मी स्वतःला देत होतो. तिसरं कारण हे की मला मजा येत होती. इतक्या हुशार माणसाला मी फसवलंय, आणि रोज वाचवतोयही, याची मजा.

हळूहळू सगळेच हात करायला लागले. गोडादऱ्याहून येणाऱ्या बाया, बॉयलरवाले, फोल्डिंगवाले. त्याला नाव पडलं, नानाचा हात.

त्या दिवशी दुपारी तू फाटकाबाहेर पलीकडच्या टपरीवर चहाला निघालास. मी शेठसोबत कडोदऱ्याला होतो. आपला वॉचमन भैया, त्याने बघितलं. मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "नाना ने हाथ उठाया था, ड्रायव्हरभाई. फिर ना नाना रुके, ना गाड़ी." मी विचारलं, गाडी कसली? भाड्याची छोटी. आणि पाटी? तो म्हणाला, हरी. म्हणजे हिरवी.

दवाखान्यात सगळे म्हणत होते, नाना हात वर करून कुणाला तरी हाक मारत असेल. मीही मान हलवली.

तेराव्यानंतर कामावर आलो तेव्हा गाडी सुरू केली आणि पडद्याला बोट लावलंच नाही. राहू दे तिला जसं राहायचंय तसं. त्या कोपऱ्यावर आलो आणि कचकन ब्रेक. पाइप कोरडा ठणठणीत, जोड घट्ट, वाफेचा थेंब नाही. सकाळचं लख्ख ऊन. पडद्यावर पाइपाजवळ तो राखाडी माणूस. दोन सेकंदांत जायचा, तो गेला नाही.

मी उतरलो. तुझ्यासारखा उकिडवा बसून सगळं बघितलं. चमकणारा पत्रा नाही, लोंबणारं फडकं नाही. मग मला एक अक्कल सुचली. भैयाला बोलावून माझ्या जागी बसवला आणि मी स्वतः पाइपाजवळ जाऊन उभा राहिलो. ओरडलो, "भैया, परदे पे कितने आदमी दिखते हैं?"

त्याने पडद्यावर बोट लावून मोजलं. मग म्हणाला, "दो."

त्याला मोजता येत नसेल, असं मी मनाला सांगितलं. फाटकावर रोज शेकडो माणसं मोजून आत घेणारा तो माणूस आहे. मी त्या भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि बाजूला बघायचं धाडस होत नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, कारण शोध. नाना, मी शोधलं नाही. पहिल्यांदा मला कारण नको होतं.

संध्याकाळी गोडादऱ्याला तुझ्या घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही विनोद न करता. म्हणजे प्रयत्न केला. तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मग म्हणाली, "भाऊ, हाई तेस्ले सांगाले पाहिजे व्हतं. माले सांगीसन काय व्हई?" ना रडली, ना ओरडली. मी निघालो तेव्हा तिने फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या. त्या मी खाऊ शकलो नाही आणि टाकूही शकलो नाही.

म्हणून तुला सांगतोय. पण त्याआधी आणखी एक फजिती ऐक.

दुसऱ्या सकाळी आठला मी फाटकात गाडी बंद करून उतरलो आणि पाळीच्या सगळ्या लोकांपुढे उभा राहिलो. म्हणालो, ऐका, नानाच्या हाताने गाडी कधी थांबली नाही. मी थांबवत होतो. हिरव्या पाटीला डोळे नसतात. तिच्यापुढे हात करू नका. लोक बघत राहिले. मग फोल्डिंगवरची शोभाताई म्हणाली, "अगं बाई, ड्रायव्हरभाऊंची नवीन गोष्ट!" आणि सगळे खदाखदा हसले. मी कळवळून सांगत होतो, खरं आहे गं, शपथ. तसतसे ते जास्तच हसत होते. कोणीतरी म्हणालं, लिंबूमिरचीपेक्षा ही भारी. आयुष्यभर मी स्वतःच्या फजित्या विकल्या, नाना. खरं सांगायची वेळ आली तेव्हा दुकानात दुसरा मालच नव्हता.

शेठलाही सांगितलं. कोपऱ्यावर गाडी थांबली, त्याने विचारलं, "कोण हतुं?" मी म्हणालो, "नाना हता, शेठ." तो हसला नाही. गाडी तिथेच उभी ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बाहेर कोरड्या पाइपाकडे बघितलं, सीटचा पट्टा लावला आणि म्हणाला, हळू ने. सेटिंग बंद कर असं मात्र परत म्हणाला नाही.

आता मी शेठला उतरवलं की फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तू पडलास त्या जागेच्या थोडा अलीकडे, कारण नेमक्या त्या जागेवर पाय ठरत नाही. पाळी सुटते, लोक टपरीकडे निघतात, आणि समोरून हिरवी पाटी आली की कोणाचा ना कोणाचा हात वर जातोच. मी तो धरून खाली ओढतो. लोक चेष्टा करतात. बॉयलरवाल्यांनी मला ट्रॅफिक हवालदार नाव ठेवलंय.

काल शोभाताई मैत्रिणींसोबत बाहेर आली. हसत होती, बोलत होती, एक पाय रस्त्यात. एक छोटी गाडी येत होती, बिनआवाजाची. तिने न बघताच हात उचलला. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि मागे खेचलं. तिने वळून मला फाडकन कानाखाली दिली. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. गाल अजून दुखतोय. आणि तेवढ्यात ती गाडी आमच्यासमोरून निघून गेली. वेग जरासुद्धा कमी न करता, हवेचा एक झोत सोडून.

शोभाताईने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे.

हसलं कोणीच नाही, नाना.